नाकातली बुरशी: सासूबाईंचा कप वेगळा कशाला?

गेल्या महिन्याच्या टपालातले एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनींचे ते पत्र. त्यांच्या सासूबाई साठी ओलांडलेल्या. दीड-दोन वर्षे उजव्या गालात जडपणा, नाकाला सतत घाण वास, घशात उतरणारा घट्ट शेंबूड. जुनी सर्दी समजून काढे झाले, वाफ झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. शेवटी सीटी स्कॅन काढला, दुर्बिणीतून ऑपरेशन झाले आणि रिपोर्टवर लिहून आले: फंगल बॉल, अ‍ॅस्परजिलस.

सासूबाई आता बऱ्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. आजारी पडले आहे ते घर. "बुरशी" हा शब्द कानावर पडल्यापासून त्यांचा कप वेगळा, ताट वेगळे, टॉवेल वेगळा. त्यांच्या जानमाजशेजारी कोणी आपली जानमाज अंथरत नाही. चार महिन्यांचा नातू त्यांच्या मांडीवर दिला जात नाही. भगिनी लिहितात की सासूबाई काही बोलत नाहीत, पण जेवण मात्र कमी झाले आहे. आणि मग एकामागून एक प्रश्न: ही बुरशी बाळाला लागेल का? नाकात तिची अंडी-पिल्ले होतात का? डॉक्टरांनी बुरशीवरचे औषध दिलेच नाही, ते राहून गेले का? आणि २०२१ साली माणसांचे डोळे घेऊन गेलेली काळी बुरशी ती हीच का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे बाकीचे शांतपणे वाचता येईल. नाही, लागत नाही. नाकातल्या सायनसची बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. कपातून नाही, टॉवेलातून नाही, मुका घेतल्याने नाही. बाळाला आजच दादीच्या मांडीवर द्या. पुढचे सगळे "का" या शब्दासाठी.

बुरशी कशी वाढते हे समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, पावसाळ्यातला पावाचा तुकडा पुरतो. ओलसर पाव दोन-तीन दिवस झाकून ठेवला की आधी त्यावर पांढरा कापूस धरतो. तो कापूस म्हणजे बुरशीचे तंतू. हे तंतू हेच तिचे शरीर. प्रत्येक तंतू टोकाकडून लांब होत जातो, मधूनच फाटे फोडतो आणि वाटेतला पाव विरघळवून शोषून घेतो. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपली पाचक रसायने बाहेर सोडते आणि अन्न बाहेरच पचवून आत ओढते. पोटभर खाऊन झाले, वर मोकळी हवा मिळाली, की त्या पांढऱ्या कापसावर काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. आपण "बुरशी आली" म्हणतो ते बहुधा हे ठिपके पाहून. खरे तर ती केव्हाच आलेली असते. ठिपके म्हणजे तिची बीजे तयार झाल्याची खूण. या बीजांना मराठीत बीजाणू म्हणतात.

एकेक बीजाणू केवढा असतो? अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या जातीचा बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉनचा. आपला एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर केसाच्या रुंदीवर असे साधारण २३ ते ३५ बीजाणू ओळीने बसतील. इतकी हलकी वस्तू हवेत तासन् तास तरंगते. कुजलेला पाला, शेणखत, धान्याचे कोठार, जुनी ओली भिंत, कुंडीतली माती, सगळीकडून ती उडत असते. तुम्ही, आम्ही, ते चार महिन्यांचे बाळ, सगळे जण रोज असे शेकडो बीजाणू श्वासातून आत घेतो. म्हणजे दादीच्या नाकातून एखादा बीजाणू बाहेर पडला असे क्षणभर मानले, तरी बाळाच्या वाट्याला येणाऱ्या शेकड्यांत त्याने फरक पडणार नाही. कप वेगळा करून हवा वेगळी होत नाही.

अ‍ॅस्परजिलस या नावाचीही एक गंमत आहे. पिएर अँतोनिओ मिकेली नावाचे एक इटालियन पाद्री वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. १७२९ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी पाहिली. उभा दांडा, वर गोल डोके, आणि डोक्यावरून चारी बाजूंना निघालेल्या बीजाणूंच्या माळा. त्यांना चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्यासाठी वापरतात ते दांड्याचे साधन आठवले आणि त्याचेच नाव त्यांनी बुरशीला दिले. आपल्याकडे कोणी आधी पाहिली असती तर कदाचित गुलाबदाणीचे नाव मिळाले असते.

आता नाकाकडे येऊ. चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत: गालाच्या हाडात, दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळात आणि खूप आत कवटीच्या तळाशी. यांनाच सायनस म्हणतात. प्रत्येक पोकळी एका लहान वाटेने नाकात उघडते. पोकळीच्या अस्तरावर चिकट ओलावा असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. हे केस सतत एका दिशेने हलत राहतात आणि धूळ, जंतू, बीजाणू अडकलेला शेंबूड वाटेकडे ढकलत नेतात. रात्रंदिवस चाललेली झाडलोट म्हणा. गालाच्या पोकळीची अडचण अशी, की तिची वाट खाली नसून वर आहे. तळमजल्याचे पाणी गच्चीवरून बाहेर काढण्यासारखा प्रकार. केस नीट काम करत असतील तोवर तेही जमते. पण ॲलर्जीच्या सुजेने, नाकाच्या वाकड्या पडद्याने किंवा वारंवारच्या सर्दीने ती वाट अरुंद झाली, की झाडलोट थांबते आणि कचरा आतच राहतो.

अशा पोकळीत बीजाणू पडून राहिला तर? ओलावा आहे, ऊब आहे, शेंबडाचे अन्न आहे. बहुतेक बुरशींना माणसाच्या शरीराची ३७ अंशांची ऊब सोसत नाही, त्या तिथेच संपतात. अ‍ॅस्परजिलसच्या काही जातींना ती मानवते. बीजाणू पाणी शोषून फुगतो, काही तासांत त्यातून कोंब फुटतो, कोंबाचा तंतू होतो, तंतूला फाटे फुटतात. महिने, कधी वर्षे जातात आणि तंतूंचा गुंता होत होत एक गोळा तयार होतो. कापून पाहिला तर कांद्यासारखे थरावर थर. ऑपरेशनमध्ये बाहेर येतो तेव्हा तो ओल्या मातीसारखा, हिरवट-तपकिरी, ठिसूळ असतो. हाच फंगल बॉल. बहुधा एकाच बाजूच्या गालाच्या पोकळीत, आणि पुरुषांपेक्षा उतारवयातल्या स्त्रियांत जास्त. गोळ्यात चुन्याचे कण साठतात, म्हणून सीटी स्कॅनमध्ये करड्या भागात पांढरे ठिपके दिसतात आणि डॉक्टरांना शंका येते.

दातांचाही इथे संबंध येतो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या अगदी तळाशी असतात. रूट कॅनॉल करताना भरलेले सामान कधी मुळातून वर सरकून पोकळीत गेले, तर त्यातल्या जस्तामुळे अ‍ॅस्परजिलसच्या वाढीला हातभार लागतो असे दिसून आले आहे. यावरून कोणी रूट कॅनॉल टाळू नये; किडलेली दाढ ठेवणे हे त्याहून वाईट. एवढेच करावे, की एकाच बाजूच्या नाकाला महिनोन् महिने घाण वास येत असेल आणि त्याच बाजूच्या दाढेवर कधी काम झाले असेल, तर नाकाच्या डॉक्टरांना ते आठवणीने सांगावे.

मग नाकात अंडी-पिल्ले होतात का? भगिनींनी शब्द घरगुती वापरला, पण प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे.

बुरशी दोन प्रकारांनी वंश वाढवते. एक, जोडीदाराशिवाय. तंतूपासून दांडा उभा राहतो, डोक्यावर बीजाणूंच्या माळा लागतात, प्रत्येक बीजाणू आईची हुबेहूब नक्कल. दोन, दोन वेगळ्या प्रकारच्या तंतूंचा संयोग होऊन. पावावरच्या बुरशीच्या कुळात असे दोन "पक्ष" असतात आणि ते भेटल्याशिवाय संयोग होत नाही, हे अमेरिकेतल्या अल्बर्ट ब्लेकस्ली यांनी १९०४ साली दाखवले. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस मात्र संयोग करतच नाही असे त्यानंतरही कितीतरी वर्षे पुस्तकांत लिहिले जात होते. २००९ साली डब्लिन आणि नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी डब्लिनच्या हवेतून मिळालेल्या दोन्ही पक्षांच्या बुरशी ओटच्या खळीवर एकत्र ठेवल्या, झाकण बंद करून ६ महिने अंधारात ठेवल्या, तेव्हा कुठे त्यांचा संयोग दिसला.

माणसाच्या सायनसमध्ये यातले काय घडते? जवळजवळ सगळी वाढ तंतूंची. टोक लांबते, फाटा फुटतो, पुन्हा टोक लांबते. पावाच्या भाषेत सांगायचे तर पांढरा कापूस होतो, ठिपके फारसे होत नाहीत. कारण बीजाणूंचे दांडे उभे राहायला मोकळ्या हवेचा पृष्ठभाग लागतो, आणि शेंबडात बुडालेल्या किंवा मांसात शिरलेल्या तंतूला तो मिळत नाही. फंगल बॉलच्या हवेकडच्या बाजूला मात्र कधी कधी ती गुलाबदाणीसारखी डोकी खरोखर सापडतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना तर तो आनंदच, कारण त्यावरून बुरशीचे कूळ ओळखता येते. नुसत्या तंतूंवरून ते खात्रीने सांगता येत नाही. पण तिथे झालेले बीजाणू बाहेरच्या जगातल्या बीजाणूंपेक्षा वेगळे किंवा जास्त जहाल नसतात. ज्याच्या पोकळीची झाडलोट चालू आहे त्याच्या नाकात ते रोजच्यासारखे येतात आणि रोजच्यासारखे बाहेर जातात. टीबीचा किंवा गोवराचा जंतू माणसातून माणसात जाण्यासाठीच जगतो. या बुरशीचे खरे घर माती आणि कुजका पाला. माणसाच्या गालात ती चुकून अडकलेली असते.

म्हणून औषध दिले नाही हेही समजून घ्यावे. फंगल बॉल पोकळीत नुसता पडलेला असतो. अस्तराच्या आत, रक्तवाहिन्यांपर्यंत तो शिरलेला नसतो. गोळीतले औषध रक्तातून जाते, आणि त्या गोळ्याला रक्ताचा पुरवठाच नाही. तेव्हा उपाय एकच: दुर्बिणीने वाट रुंद करायची, गोळा कणन् कण काढायचा, पोकळीत पुन्हा हवा खेळू द्यायची. पूर्ण निघाला तर तो सहसा परत होत नाही. डॉक्टर काही विसरलेले नाहीत. फक्त एक गोष्ट पाहून घ्या. अस्तराचा तुकडा तपासायला गेला असेल, तर त्या रिपोर्टमध्ये बुरशी ऊतींमध्ये शिरलेली नाही असे लिहिलेले असावे. त्या तपासणीत चांदीच्या क्षाराने तंतू काळे रंगवून पाहतात, म्हणजे ते कुठवर गेले हे स्पष्ट दिसते. रिपोर्टमधले तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचे, कारण सायनसच्या बुरशीचे सगळे प्रकार त्याच एका प्रश्नावर वेगळे होतात: ती आत शिरली आहे की नाही?

न शिरणाऱ्यांत आणखी एक प्रकार आपल्याकडे बराच आढळतो. तो तरुण पोरापोरींत. त्यांच्या शरीराला बुरशीची ॲलर्जी असते. बुरशी थोडी, शरीराचा थयथयाट मोठा. नाकात द्राक्षाच्या घोसासारखे कोंब वाढतात, पोकळ्या शेंगदाण्याच्या लगद्यासारख्या चिकट पिवळट-तपकिरी मळाने ठासून भरतात, आणि कधी कधी दाबाने हाड फुगून एक डोळा किंचित पुढे आलेला दिसतो. याला ऑपरेशन लागते, नंतर नाकातून स्टेरॉइडचे औषध बरेच दिवस घ्यावे लागते, आणि हा पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. "तीनदा ऑपरेशन झाले तरी बरे होत नाही" म्हणून कोणाला बोल लावण्याआधी आजाराचा हा स्वभाव माहीत असावा.

शिरणाऱ्यांत एक प्रकार सावकाश चालणारा आहे. भारत, पाकिस्तान, सौदी अरबस्तान आणि विशेषतः सुदान या कोरड्या-उष्ण मुलखांत तो जास्त दिसतो. खार्टूमच्या डॉक्टरांनी १९६९ साली अशा १७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. यात मधुमेह नसलेली, एरवी धडधाकट माणसेही सापडतात. गालावर किंवा डोळ्याशी न दुखणारी गाठ महिनोन् महिने हळूहळू वाढते. बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, म्हणजे खवट शेंगदाण्यावर पिवळट-हिरवी दिसते ती. आखातात कामाला गेलेला घरचा माणूस सुट्टीवर आला आणि त्याचा एक डोळा पुढे आलेला वाटला, तर "तिकडची हवा मानवली" असे हसण्यावारी नेऊ नका. दाखवून घ्या. इथे शस्त्रक्रियेबरोबर औषधही महिनोन् महिने लागते.

आणि दुसरा, वेगाने शिरणारा, म्हणजे २०२१ ची म्युकरमायकोसिस. सासूबाईंच्या बुरशीचा आणि हिचा वंशच वेगळा. ही पावावरच्या बुरशीच्या कुळातली. आपल्याकडे बहुधा रायझोपस. माणसातला हा आजार अर्नोल्ड पाल्टाउफ यांनी १८८५ सालीच वर्णन केला होता, तेव्हा तो कोरोनाबरोबर जन्मला असेही नाही. फंगल बॉलचे "रूपांतर" होऊन म्युकर होत नाही, ही भीती मनातून काढावी.

त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार नोंदणीचा करायला सांगितले, आणि जूनअखेर देशात ४०,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात आघाडीवर होते. इंजेक्शनसाठी माणसे एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होती, हे आपल्यातल्या पुष्कळ घरांना आठवत असेल. त्याच दिवसांत फोनवर एक अफवा फिरली, की कांद्याच्या सालीवरचा काळा थर आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा मळ म्हणजेच ती काळी बुरशी. लासलगावचा कांदा उगाच बदनाम झाला. कांद्यावरचा काळा थर अ‍ॅस्परजिलस नायजरचा. ती म्युकर नव्हे. धुऊन, वरची साल काढून कांदा खुशाल खावा. सरबताच्या पाकिटातले सायट्रिक अ‍ॅसिड कारखान्यात याच नायजरकडून करून घेतात.

मग काळी कशाला म्हणतात? म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे. ते थेट रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, आत रक्त गोठते, पुढच्या भागाचा पुरवठा बंद होतो आणि ते मांस मरून काळे पडते. काळे दिसते ते मेलेले मांस. त्या मेलेल्या भागात औषधही पोचत नाही, म्हणून तो कापून काढावाच लागतो. टाळू, जबडा, डोळा गेलेल्या माणसांना पाहून लोक म्हणत, डॉक्टरांनी घाई केली. तिथे घाई हाच उपचार होता. सोबत शिरेतून अँफोटेरिसिन द्यावे लागते. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा एक घटक असतो, जो आपल्या पेशींत नसतो. हे औषध त्याला धरते.

ही इतक्या जणांनाच का झाली, बीजाणू तर सगळ्यांच्याच नाकात जात होते? उत्तर साखरेत आहे. त्या नोंदींपैकी सुमारे ६४ टक्के रुग्णांना मधुमेह होता, निम्म्याहून अधिक जणांना स्टेरॉइड दिलेले होते. साखर खूप चढली की बीजाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. त्यापुढे रक्त आम्लधर्मी झाले, तर एरवी घट्ट बांधून ठेवलेले लोह रक्तात सुटे होते, आणि लोह हे या बुरशीचे आवडते अन्न. स्टेरॉइड दोन्हीकडून काम बिघडवते: साखर वाढवते आणि पेशींना आणखी झोपवते. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे प्राण याच औषधाने वाचले, हेही तितकेच खरे. पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांनी घरबसल्या, शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून घेतले, तिथे घात झाला. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी, "ताकदीसाठी" अशा गोळ्या आजही गावोगाव पुडीत बांधून दिल्या जातात. पुडीवर नाव नसेल तर ती घेऊ नका.

सासूबाईंना मधुमेह आहे असे भगिनींच्या पत्रात ओझरते आले आहे, म्हणून रमजानबद्दल दोन शब्द. रोजा आहे म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे अत्यंत धोक्याचे. वर सांगितलेले आम्लधर्मी रक्त त्यातूनच होते. डोस आणि वेळ रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून बसवून घ्या. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात. आणि ज्याच्या जिवाला धोका आहे अशा आजाऱ्याला शरियतने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात संकोच नसावा.

मधुमेही माणसाला एका बाजूचा गाल अचानक दुखू लागला, बधीर झाला, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, वरचे दात हलू लागले, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव आला, टाळूवर काळा डाग दिसला, तर उद्यावर ढकलायचे नाही. त्याच दिवशी नाक-कान-घसा विभाग असलेले रुग्णालय गाठायचे. रात्र असली तरी.

भगिनींचा शेवटचा प्रश्न वुजूचा. नाकात पाणी घेतल्याने बुरशी वाढते का, आणि सासूबाईंनी ते थांबवावे का? बुरशी नाकात येते ती श्वासातून. वुजूच्या स्वच्छ पाण्याने ती होत नाही. ऑपरेशननंतरचे काही आठवडे मात्र जखम ओली असते. तोवर पाणी नाकात वर ओढू नये, आणि किती दिवस ते सर्जनला विचारून घ्यावे. पाण्याने अपाय होत असेल तर काय करावे, हे आपल्या मस्जिदीचे इमामसाहेब सांगतील. नंतर सायनस धुण्यासाठी बाटली देतात. तिच्यात नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी कधीही भरू नये. पाणी उकळून, गार करून, मीठ घालून वापरावे, आणि बाटली रोज धुऊन वाळवावी. कारण बुरशीचे नाही, दुसरेच आहे. अस्वच्छ गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा एक अमिबा असतो. तो नाकातून वर खोलवर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. असे फार क्वचित होते, पण कराचीत २००८-०९ मध्ये असे रुग्ण सापडले, आणि त्यांतले बहुतेक कुठे पोहायला गेलेले नव्हते, म्हणून वुजूच्या पाण्याकडे संशय गेला. टाकी वेळेवर धुणे आणि पाण्यात क्लोरीन असणे, हे घराने आणि मस्जिदीच्या कमिटीने दोघांनी पाहावे.

घरात ओल असेल, भिंतीवर काळे-हिरवे चट्टे असतील, तर ॲलर्जीवाल्यांना त्रास होतो. गळती बंद करा, चट्टे कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा, आणि पुसताना नाकावर कपडा बांधा. कुजके खत, जुने गवत उपसण्याचे काम मधुमेही माणसाला देऊ नका.

सासूबाईंचा सीटी स्कॅन, ऑपरेशनचा कागद आणि तुकड्याचा रिपोर्ट एका पिशवीत एकत्र ठेवा, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना दुर्बिणीची तपासणी चुकवू नका. बरे वाटते आहे म्हणून जाणे टाळले जाते, असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पहिल्या वर्षात तरी दोन-तीनदा आत डोकावून घ्यावे लागते. काम पाच-दहा मिनिटांचे असते, आणि वाट उघडी राहिली आहे ना एवढेच त्यात पाहायचे असते.